पाळ, तुडुम आणि जाणता माणूस
(समाजव्यवस्था कोसळल्यानंतर व्यावहारिक ज्ञान टिकवण्याचा प्रश्न : भंडारा जिल्ह्यातील माजी मालगुजारी तलावांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

एखादी समाजव्यवस्था कोसळली तर तिच्याजवळचे तंत्रज्ञान आणि रोजच्या व्यवहाराचे ज्ञान पुढील पिढीपर्यंत कसे पोहोचवावे, या प्रश्नाची चर्चा अलीकडे जगभर होत आहे. लुईस डार्टनेल या ब्रिटिश लेखकाने २०१४ मध्ये 'द नॉलेज' या पुस्तकात शेती, धातुकाम, औषधे, काच, छपाई अशा मूलभूत गोष्टी शून्यातून पुन्हा उभ्या करायच्या झाल्यास काय ठाऊक असले पाहिजे याची मांडणी केली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटावर २००८ पासून जगातील पिकांचे बियाणे बर्फाळ डोंगराच्या पोटात साठवले जात आहे. या सर्व प्रयत्नांमागे ज्ञान कोठेतरी सुरक्षित साठवून ठेवले म्हणजे ते टिकते, असे एक गृहीतक असते.

हे गृहीतक कितपत खरे आहे, हे तपासण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. येथील गावागावांतील जुने तलाव, ज्यांना शासकीय भाषेत 'माजी मालगुजारी तलाव' आणि लोकांच्या बोलण्यात 'मामा तलाव' म्हणतात, ते एका कोसळलेल्या व्यवस्थेचे अवशेष आहेत. बांधकाम उभे आहे, पाणीही साठते. पण ते चालवण्याचे ज्ञान बऱ्याच ठिकाणी विरत गेले आहे. प्रस्तुत लेखात हे तलाव कसे चालत, अनेक राजवटी बदलूनही ते कसे टिकले, १९५१ नंतर त्यांचे ज्ञान का विस्कळीत झाले आणि त्यातून ज्ञानजतनाविषयी कोणते निष्कर्ष निघतात, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

'कोसळणे' या संकल्पनेचा अर्थ :

समाजव्यवस्था कोसळणे म्हटले की महायुद्ध, महामारी किंवा दुष्काळ डोळ्यांसमोर येतो. परंतु तंत्रज्ञानाच्या दृष्टीने या शब्दाचा अर्थ अधिक मर्यादित आणि नेमका आहे. एखादे तंत्र चालवण्यासाठी श्रम कोणी द्यायचे, निर्णय कोणी घ्यायचा, तंटा कोणी मिटवायचा आणि नवख्याला कोणी शिकवायचे, या चार गोष्टी ठरवणारी यंत्रणा एकाएकी नाहीशी झाली, तर त्या तंत्रापुरती व्यवस्था कोसळलीच असे म्हणावे लागते. बाकीचा समाज सुखाने नांदत असला तरी त्यात फरक पडत नाही. या अर्थाने पाहिले असता कोसळणे ही रक्तपाताविना, किंबहुना एखाद्या न्याय्य सुधारणेमुळेही घडू शकणारी घटना आहे. भंडाऱ्याचे उदाहरण अभ्यसनीय आहे ते याच कारणाने.

तलावाची रचना आणि त्यातील ज्ञान :

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे सुमारे साडेसहा ते सात हजार तलाव शासनदरबारी मोजले जातात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत त्यांतील फार मोठा भाग एकट्या भंडारा जिल्ह्यात होता. हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष प्रसिद्ध आहे. चांद्याच्या गोंड राजाने या लोकांना बनारसकडून आणले, अशी परंपरागत कथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात नोंदवली आहे. तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाने भिजणारी जमीन देण्याची 'तुकूम' ही पद्धत चांद्याच्या गोंड राजवटीत होती. चंद्रपूर शहरातील तुकूम हे वस्तीचे नाव आजही तिची आठवण देते.

या प्रदेशात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा मोठा दिसतो, पण पाऊस चार महिन्यांतच पडतो आणि मध्ये खंड पडतात. रोवणीच्या वेळी एक खंड आणि धान निसवण्याच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, दुसरा खंड पडला की भारी धानाचे पीक हातचे जाते. मामा तलावाचे मुख्य काम हा खंड भरून काढणे हे होते. उन्हाळी पिकासाठी बारमाही पाणी देणारे धरण म्हणून त्याची कल्पनाच केलेली नव्हती. याचा विसर पडल्यामुळे पुढे अनेक तलावांकडून भलत्या अपेक्षा केल्या गेल्या.

रचना वरवर पाहता साधी आहे. उताराच्या खालच्या अंगाला मातीची पाळ, जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी एका टोकाला सांडवा, शेताकडे पाणी सोडण्यासाठी पाळीत बसवलेले तुडुम, तेथून निघणारी नहर आणि तिच्याखाली पायरीपायरीने उतरणाऱ्या धानाच्या बांध्या. त्याखेरीज एकेकाच्या शेतापुरत्या लहान बोड्या. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की त्याचे पाणी खालच्या तलावात जाते. त्यामुळे एक गाव दुसऱ्याशी पाण्याने बांधलेले असते. या रचनेत अनुस्यूत असलेले ज्ञान सोयीसाठी तीन प्रकारांत विभागता येईल.

१) डोळ्याचे ज्ञान : पाळ कोठे घालायची, कोणत्या नाल्याचे पाणी अडवायचे, सांडव्यासाठी मुरमाड, न खचणारी जमीन कोठे आहे, वरच्या जंगलातून येणारे पाणी किती गढूळ असते, हे जागेवर उभे राहून ओळखण्याची क्षमता. समतलमापक यंत्र नसताना दोन-तीन पावसाळे पाण्याची चाल पाहून ही निवड होत असे.

२) हाताचे ज्ञान : कोणती माती पाळीच्या पोटात आणि कोणती वर घालायची, ती थराथराने कशी तुडवायची, तुडुमाच्या एकाखाली एक असलेल्या छिद्रांपैकी कोणते केव्हा मोकळे करायचे, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या बुडात किती गाळ काढायचा आणि किती ठेवायचा. वरच्या छिद्रातून प्रथम पाणी घेतल्याने पाण्याचा दाब कमी राहतो आणि पाळीवर ताण येत नाही. गाळ सरसकट खरवडून काढला तर तळाचा पाणी धरून ठेवणारा चिकण थर फाटतो. या दोन्ही गोष्टी कोठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या, पण कामाच्या ओघात त्या शिकल्या जात.

३) कराराचे ज्ञान : पाणी आधी शेवटच्या बांधीला की पहिल्या बांधीला, तुटीच्या वर्षी कोणाचे क्षेत्र सोडून द्यायचे, गाळ काढण्यासाठी कोणत्या घरातून किती माणसे यायची, मासळीवर ढिवरांचा हक्क किती, शिंगाडा कोणी लावायचा, गुरांना पाणी पाजण्याची जागा कोणती. हे ज्ञान दिसत नाही, म्हणून त्याला तंत्रज्ञान मानण्याची आपली तयारी नसते. परंतु त्याच्याविना पहिले दोन प्रकार निरुपयोगी ठरतात.

यांत ढिवर समाजाच्या ज्ञानाची स्वतंत्र नोंद करणे आवश्यक आहे. कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाला कोणती मासळी अंडी घालते, पहिल्या पुरात मासे कोणत्या वाटेने चढतात, देवधान कोठे उगवते आणि कोणत्या गवतामुळे लाटांचा मारा पाळीपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवसायातून ठाऊक होते. पाळ बांधणाऱ्याचे आणि पाण्यात उतरणाऱ्याचे ज्ञान असे परस्परपूरक होते.

तीन राजवटी आणि एक कायदा :

या तलावांनी राजकीय उलथापालथी कमी पाहिलेल्या नाहीत. १८व्या शतकाच्या मध्यास देवगड आणि चांदा ही गोंड राज्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेली. १९व्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांचा उपद्रव झाला. तिसऱ्या रघुजीच्या निधनानंतर नागपूरचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांत हादरून गेला. यांपैकी प्रत्येक घटना इतिहासकाराच्या दृष्टीने 'कोसळणे' या सदरात मोडते. तरीही तलाव चालू राहिले, कारण राजधानीत कोणीही असले तरी गावातील वर सांगितलेली चार कामे करणारी माणसे तीच राहिली. १८६० च्या दशकातील बंदोबस्तात इंग्रजांनी मालगुजाराला गावाचा मालक म्हणून मान्यता दिली. तेव्हा हुद्दा बदलला, पण तलावाशी असलेला त्याचा संबंध तुटला नाही. तलाव भरला तर धान, धान आले तर सारा, असे त्याचे हित तलावात गुंतलेले होते.

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा, १९५० अन्वये १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे आले. भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यानंतर लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे सोपवले गेले. म्हणजे अवघ्या बारा-तेरा वर्षांत तलावाचा कारभार मालगुजाराकडून महसूल खात्याकडे, एका राज्यातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या राज्यात, आणि अखेर जिल्हा परिषदेकडे गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. मालगुजारीचे निर्मूलन हे योग्यच पाऊल होते. त्या व्यवस्थेत वेठ होती, जातीची उतरंड होती, कुळांची असहायता होती. गाळ काढण्यास येणारी सर्वच माणसे खुशीने येत होती असे मानणे म्हणजे इतिहासाशी प्रतारणा होईल. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. कायद्याने मालकी, सारा आणि कुळांचे हक्क यांचा विचार केला. मात्र मालगुजाराच्या देखरेखीखाली जमा असलेले 'पाळ कोण राखणार, तुडुम कोण उघडणार, नवीन मुलाला कोण शिकवणार' हे काम कोणाच्या नावे करायचे, याचा विचार झाला नाही. ज्या भांड्यात अन्याय होता त्याच भांड्यात ज्ञानही होते. भांडे फोडणे आवश्यक होते, परंतु त्यापूर्वी आतले ज्ञान दुसऱ्या भांड्यात काढून घेण्याची तजवीज झाली नाही.

निर्मूलनानंतरची परिस्थिती :

कारभार बदलल्यानंतर काय घडले याचा क्रम बहुतेक गावांत सारखा आढळतो. तलाव शासनाचा झाल्याने त्याची दुरुस्ती हे शासनाचे काम, अशी धारणा रूढ झाली. वर्षाकाठी गाळ काढणे थांबले आणि बूड उथळ होत गेले. उथळ झालेल्या कडेला पिके घेण्यास सुरुवात झाली व पुढे ती जमीन अतिक्रमणात गेली. बेशरमाची झुडपे किनाऱ्यावर पसरली. तुडुमाच्या जागी लोखंडी दार आले. ते अधिक सोयीचे होते, पण गंजल्यावर त्याची दुरुस्ती गावातील सुतार किंवा लोहार करू शकत नसे. मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना तलाव ठेक्याने मिळू लागले ही चांगली गोष्ट झाली. परंतु राहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडून वजनावर उत्पन्न मोजण्याची पद्धत आल्यानंतर स्थानिक मासळी आणि तिला आधार देणाऱ्या पाणवनस्पती यांच्याकडे दुर्लक्ष झाले.

याहून महत्त्वाचा परिणाम असा की एका तलावाचे ज्ञान अनेक कार्यालयांत वाटले गेले. पाळ एका खात्याकडे, वरचे जंगल वनखात्याकडे, मासळी सहकारी संस्थेकडे, पाणीपट्टी तिसरीकडे आणि जमिनीची नोंद तलाठ्याकडे. प्रत्येकाजवळ आपल्या भागाची माहिती आहे, पण संपूर्ण तलाव एका दृष्टिक्षेपात पाहणारे कोणी राहिले नाही. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. त्यानंतर सिंचनाची चर्चा स्वाभाविकपणे मोठ्या धरणाभोवती फिरू लागली. मोठ्या प्रकल्पाचे ज्ञान अभियंत्यांच्या कार्यालयात असते आणि तसे असणे अपरिहार्यही आहे. पण त्यामुळे पाण्याचे शास्त्र हे बाहेरून येणारे असते, गावाजवळ ते नसते, अशी समजूत दृढ झाली.

नवेगावबांधचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. हा विशाल तलाव १८व्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. त्यांना कोलासुर या नावाने देवत्व मिळाले असून तलावाभोवतीच्या डोंगरात त्यांचे स्थान आहे. लोकांनी बांधणाऱ्याचे नाव तीनशे वर्षे जपले. मात्र त्याने पाळीची जागा कोणत्या खुणांवरून निवडली, हे त्या देवस्थानावरून कळू शकत नाही. पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन स्तूपाच्या अवशेषांवर दानकर्त्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. तेथेही दात्याचे नाव टिकले, कारागिराचे हुन्नर त्या लेखांतून कळत नाही. समाज ज्याची आठवण ठेवतो आणि ज्याची त्याला पुढे गरज पडते, त्या गोष्टी अनेकदा भिन्न असतात.

लेखन आणि साठवण यांच्या मर्यादा :

मग हे सर्व लिहून ठेवले असते तर प्रश्न सुटला असता काय? जगातील काही उदाहरणे याविषयी सावध करतात.

इ.स.पू. १२०० च्या सुमारास ग्रीसमधील मायसिनियन राजवाडे उद्ध्वस्त झाले. तेथील 'लिनिअर बी' ही लिपी राजवाड्यातील मोजक्या कारकुनांनाच येत होती. राजवाडे गेले आणि लिपीही गेली. ती पुन्हा वाचली गेली ती मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये. उलट शेती, कुंभारकाम, मेंढपाळी ही कामे गावोगावी होत असल्याने चालू राहिली. मोजक्या जागी केंद्रित झालेले ज्ञान प्रथम नष्ट होते, हा यातील बोध आहे.

वायव्य ग्रीनलंडमधील इनुगुइत समाजात १८२० च्या दशकात साथ आली व जाणती माणसे मोठ्या प्रमाणात मरण पावली. त्यानंतर हा समाज कायाक ही नाव, धनुष्यबाण आणि मासे मारण्याचा विशिष्ट भाला बनवणे विसरला. या वस्तूंची गरज संपली नव्हती, पण त्या बनवून दाखवणारे कोणी उरले नव्हते. सुमारे चाळीस वर्षांनी, १८६० च्या दशकात, बॅफिन बेटावरून आलेल्या काही कुटुंबांनी ही कौशल्ये त्यांना पुन्हा शिकवली. म्हणजे चाळीस वर्षांच्या खंडानंतरही ज्ञान परत येऊ शकते, परंतु ते कोठेतरी जिवंत वापरात असावे लागते.

लिखित मजकुराची मर्यादा आधुनिक विज्ञानातही दिसून आली आहे. हॅरी कॉलिन्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की एका विशिष्ट प्रकारचे लेसर उपकरण केवळ प्रसिद्ध शोधनिबंध वाचून कोणत्याही प्रयोगशाळेला चालवता आले नाही. ज्यांनी ते बनवले होते त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आलेल्यांनाच ते जमले. मायकेल पोलान्यी यांनी ज्याला अव्यक्त ज्ञान म्हटले ते हेच. आपल्या शेजारचे उदाहरण म्हणजे व्हेरिअर एल्विन यांचा १९४२ मधील 'द अगारिया' हा ग्रंथ. मैकल पर्वतराजीतील लोखंड गाळणाऱ्या आगरिया जमातीची त्यात तपशीलवार नोंद आहे. ग्रंथालयात तो उपलब्ध आहे, पण तो वाचून कोणी भट्टी पेटवू शकेल असे वाटत नाही.

साठवण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. सीरियातील यादवीमुळे अलेप्पोजवळील 'इकार्डा' या संस्थेची बियाणे-पेढी चालवणे अशक्य झाले, तेव्हा २०१५ मध्ये स्वालबार्डमधून प्रथमच बियाणे परत काढण्यात आले. ते लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवले गेले आणि २०१७ मध्ये नवीन बियाणे पुन्हा तिजोरीत ठेवले गेले. हा प्रयोग यशस्वी झाला, कारण बियाण्यांबरोबरच ती वाढवण्याचे ज्ञान असलेले शास्त्रज्ञही सुरक्षित स्थळी पोहोचले होते. म्हणजे साठा आणि जाणता माणूस, दोन्ही लागतात.

पुनरुज्जीवनाचा स्थानिक अनुभव :

या दृष्टीने भंडारा-गोंदिया परिसरात 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने केलेले काम लक्षणीय आहे. संस्थेने ढिवर समाजातील जाणत्या मंडळींबरोबर बसून तलावातील मासळी, वनस्पती आणि त्यांचे परस्परसंबंध यांची माहिती गोळा केली आणि त्या माहितीचा उपयोग प्रत्यक्ष तलावात करून पाहिला. बेशरम उपटून काढणे, उन्हाळ्यात बुडाची नांगरट करणे, पहिल्या पावसानंतर पाणवनस्पतींची लागवड करणे, स्थानिक मासळीला पुन्हा जागा देणे अशी ही कामे होती. त्यांत मत्स्य सहकारी संस्था आणि गावातील महिलांचे गट सहभागी झाले.

या प्रयोगातून एक महत्त्वाची गोष्ट दिसून येते. जुनी मालगुजारी परत न आणता जुने ज्ञान परत आणता येते. त्यासाठी नवे भांडे लागते, ते म्हणजे सहकारी संस्था, ग्रामसभा, महिलांचे गट. किंबहुना ज्या ढिवरांचे ज्ञान जुन्या व्यवस्थेत खालच्या पायरीवर होते, तेच या प्रयोगात शिक्षकाच्या जागी बसले. ज्ञानजतन आणि सामाजिक न्याय या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे मानण्याचे कारण नाही, हे यावरून सिद्ध होते.

याउलट, केवळ यंत्राच्या बळावर केलेले खोलीकरण अपुरे ठरते. शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेमुळे गाळ काढून शेतात टाकण्याच्या जुन्या प्रथेला प्रतिष्ठा मिळाली, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र किती खोल जायचे, पाळीपासून किती अंतर सोडायचे, वनस्पतींचे कंद असलेला भाग कोठे राखायचा, हे ठरवण्यासाठी यंत्रचालकाच्या शेजारी गावातील जाणता माणूस उभा असला पाहिजे.

महाविद्यालयांची भूमिका :

१९५१ मध्ये पंधरा-सोळा वर्षांचा असलेला, वडिलांबरोबर पाळीवर माती टाकलेला मुलगा आज नव्वदीच्या घरात आहे. अशी माणसे प्रत्येक गावात आता एक-दोन उरली असतील. इनुगुइत समाजाला बॅफिन बेटावरून शिक्षक मिळाले. आपल्या तलावांसाठी असे दुसरे बेट नाही. या परिस्थितीत जिल्ह्यातील महाविद्यालयांना पुढील कामे करता येण्यासारखी आहेत.

१) शब्दसंग्रह : पाळ, तुडुम, नहर, बोडी, बांधी, देवधान यांसारख्या शब्दांचा अर्थ, उच्चार आणि गावपरत्वे होणारा बदल मराठी विभागाने नोंदवावा. शब्द हरवला की त्या वस्तूविषयी प्रश्न विचारणेच अशक्य होते.

२) मोजमाप : ज्या तलावांत जुने तुडुम शिल्लक आहे त्याची मापे, छिद्रांची संख्या व उंची, दगडांची रचना यांचे आराखडे तयार करावेत. भूगोल विभागाने सांडव्यांनी जोडलेल्या तलावांच्या साखळ्यांचे नकाशे करावेत.

३) दप्तराचा अभ्यास : बंदोबस्ताच्या काळातील वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक यांत गावाच्या रूढींची नोंद आहे. इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी आपल्या परिसरातील पाच-दहा गावांची अशी कागदपत्रे वाचून काढली तरी 'कराराचे ज्ञान' बऱ्याच अंशी हाती येईल.

४) प्रत्यक्ष काम : वरील तिन्ही गोष्टी केवळ साठवण ठरू नयेत म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी त्याच एका तलावावर, जाणत्या माणसाच्या मार्गदर्शनाखाली घ्यावे. दरवर्षी नवीन गाव निवडण्याच्या प्रथेमुळे कोणतेच कौशल्य रुजत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार भारतीय ज्ञानप्रणाली आणि क्षेत्रीय प्रकल्प यांना श्रेयांक मिळू लागले आहेत. त्या तासिकांत प्राचीन ग्रंथांबरोबर गावच्या तलावालाही स्थान देता येईल.

५) मानधन व मान : ज्याच्याकडून शिकायचे त्या शेतकऱ्याला किंवा ढिवराला केवळ 'माहितीदाता' न समजता अतिथी अध्यापकाप्रमाणे वागवावे. ज्या ज्ञानाला समाजात मोल नाही, ते शिकण्यास पुढची पिढी तयार होत नाही.

समारोप :

आजच्या शेतीचे पाणी बहुतांशी विजेच्या पंपावर, त्या पंपाचे सुटे भाग दूरच्या कारखान्यांवर आणि ते कारखाने आणखी दूरच्या पुरवठ्यावर अवलंबून आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ही साखळी किती सहज थांबू शकते याची झलक सर्वांनी पाहिली. शहरांतून परतलेल्या माणसांना तेव्हा गावानेच आसरा दिला. उद्या वीज पंधरा दिवस बंद राहिली तर विंधनविहीर थांबेल. तलावाचे पाणी मात्र उताराने बांधीत उतरत राहील, कारण त्याला ओढून नेण्यासाठी पृथ्वीच्या आकर्षणाखेरीज दुसरी शक्ती लागत नाही. अट एवढीच की पाळ शाबूत असावी, बूड गाळाने भरलेले नसावे आणि पाणी केव्हा, कोणाला, किती सोडायचे हे ठाऊक असलेली माणसे गावात असावीत.

भंडाऱ्याच्या तलावांवरून असे दिसते की राजे गेले तरी तंत्रज्ञान टिकते, पण ते रोज वापरणाऱ्यांची बांधणी विस्कटली की शांततेच्या काळातही ते लोप पावते. म्हणून जतनाचा खरा एकक ग्रंथ किंवा संग्रहालय नसून, काम करत करत शिकवणारी पिढी हा आहे. नोंदी अवश्य कराव्यात, परंतु त्या शिकणाऱ्याच्या हातात देण्यासाठी कराव्यात. येत्या वैशाखात, तलावांची बुडे उघडी पडतील तेव्हा, आपल्या महाविद्यालयाजवळच्या एका तलावावर विद्यार्थ्यांसह जाऊन तेथील वृद्धांना पाळीवर बोलावणे, ही या कामाची सुरुवात होऊ शकते. त्यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याची गरज नाही आणि ज्यांच्याकडून शिकायचे आहे त्यांच्या वयाकडे पाहता वाट पाहणे परवडणारेही नाही.